ओलं लाकूड

पाद्रीनं संत मला गोणपाटात गुंडाळून दिला,
बुडालेला माणूस घरच्यांच्या हवाली करावा तसा,
नजर खाडीकडे ठेवून.

मी गोमा मेस्त्री, वरच्या चौलातला.
आमच्या जातीनं त्यांचे संत घडवू नयेत
असा त्यांच्याच राजाचा हुकूम आहे म्हणे;
पण हुकुमाला रंधा धरता येत नाही,
म्हणून होडी मला कोर्लईला उतरवते,
इगर्जीच्या मागल्या दारी, पडवीत.

सांत आंतोन. माझ्या बापाच्या हातचा, फणसाचा.
डोक्यावरून ओळखला:
आमचे भट मधे शेंडी राखतात, भोवती तासतात,
हा मधे तासलेला, भोवती केस.
बाप म्हणायचा, दोघांच्या न्हाव्यांनी
एकदा बसून काय ते ठरवावं.

आता नाक फुगलेलं, पायांना शेवाळ,
घोट्यांवर काथ्याचा वळ.
तीन आठवडे उलटा टांगून होता विहिरीत.

हरवलेलं शोधून देतो, अशी ह्याची ख्याती.
सुई, गाय, तांडेलाची अंगठी.
ब्रिजिदाचा ल्यांद्रू हरवला आहे.
नारळी पुनवेनंतर मचवा गेला,
मागाहून एक फळीसुद्धा आली नाही.
तिनं आधी मेणबत्त्या दिल्या,
मग मेणाचा मचवा वाहिला, वीतभर,
शिडासकट,
मग सुक्या बोंबलांची माळ,
मग शिव्या,
मग दोर.
गाठ कोळ्याची मारली, ओढू तशी आवळणारी.

पाद्री म्हणाला, पाप आहे हे, रानटीपणा.
खलाशी सांगतात, त्याच्या मुलखाची गलबतंही
वारा पडला की ह्यालाच डोलकाठीला बांधतात.
मी बोललो नाही. मजुरी ठरायची होती.

आमच्या आळीत देवी आल्या तेव्हा
बायकोनं देव पाण्यात ठेवले होते,
घंगाळात, अकरा दिवस.
बाराव्या दिवशी मीच काढले, पंच्यानं पुसले.
कुणीतरी पुसायला हवेतच.
पोरीचं नाव आम्ही घेत नाही.

गोणपाट पुरतं सोडलं, तर डावा हात रिकामा.
त्या हातावर बाळ होतं, पोथीवर बसलेलं;
खुंटी उपटलेल्या जागी नुसतं भोक.

ब्रिजिदाकडे गेलो. ती जाळं विणत होती.
कुणासाठी, ते विचारलं नाही.
बाळ तांदळाच्या मडक्यात आहे, म्हणाली,
कोरड्यात. मी काही कसाई नाही.
माझा आला की त्याचा देईन.
मग मडक्यात कोपरापर्यंत हात घालून
तिनं चाचपून पाहिलं,
रात्री उठून पांघरूण बघावं तसं.

पाद्रीला सांगितलं, बाळ विहिरीत गळालं असेल.
तो म्हणाला, नवं कर. दोन अशरफ्या जास्त.

नाक बसवलं. शेवाळ खरवडलं.
वळ घासला; वळ जात नाही,
लाकडात उतरला आहे.
बाळासाठी सागाचा तुकडा काढून ठेवला.
त्यात डोकं दिसतं, गुडघे दिसतात,
दोन दिवसांचं काम.

नवं बाळ ह्याच्या हातावर ठेवलं
तर हा शोधायचं सोडून देईल.
हे माझं म्हणणं नव्हे, मला काय कळतं त्यांचं.
पटाशी धरलेल्या हाताचं म्हणणं आहे.

रविवारी मिस संपल्यावर पाद्री पडवीत आला.
झालं का?
म्हटलं, फणस फार पाणी प्यायलाय, बाबा.
लाकूड अजून ओलं आहे.

त्यानं त्या रिकाम्या हातावर बोट टेकवलं.
खडखडीत कोरडं होतं.
बराच वेळ तसाच उभा राहिला.
मग बोट झग्याला पुसून म्हणाला,
हो. ओलं आहे.