खिरापत

चार गुणांचा प्रश्न आहे:
कथेतल्या बंद डब्याचं प्रतीक स्पष्ट करा.
गाईडात उत्तर आहे, दहावी ब ते उतरवून काढते,
डबा म्हणजे हरवलेली निरागसता.
मी लाल पेनाने साडेतीन देते.
अर्धा कुठे गेला, कुणी विचारत नाही.

आमच्या गल्लीत गुलाबाई बसायची
भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत.
गाणी संपली की डबा हलायचा,
ओळखा गं पोरींनो, गोड का खारं?
आणि जिने ओळखलं
तिचा हात सगळ्यांच्या आधी डब्यात.

सुमली ओळखायची.
गुमान पावऱ्याची सुमली, सातपुड्यातून
केळी कापायला उतरलेल्या माणसांची,
आमच्याच मळ्यात, मोटारीच्या खोलीत राहणारी.
डोळे मिटून ऐकायची.
फुटाणे कोरडे बोलतात म्हणायची, शेव कुजबुजते,
पेढे बोलतच नाहीत, ते एकमेकांना धरून बसतात.
सात घरं, सात डबे,
सातही वेळा तिची मूठ.
आम्ही तिला तवा म्हणायचो.
रंगावरून.
ती हसून ओ द्यायची,
मला वाटायचं, लाडाचं आहे.

आठव्या दिवशी डबा आमचा होता.
दादरच्या लाह्यांचे लाडू,
सकाळी आईबरोबर मीच वळलेले.
आईने डबा हलवला.
सुमली म्हणाली, लाह्यांचे लाडू.
थोडं थांबून म्हणाली, गूळ जरासा जयेल हाये.
आई म्हणाली, चूक.

चूक म्हणताना ती डब्याकडे बघत होती.
मग बाकीच्यांचं सुरू झालं,
शंकरपाळे, बत्तासे, केळीचे वेफर्स,
कुणी तर भजी म्हणालं.
माझी पाळी आली.
माझ्या नखांत अजून गूळ होता.
मी म्हणाले, करंज्या.

हरल्या सगळ्या, म्हणत आईने झाकण काढलं.
मी हेच म्हनलं व्हतं, सुमली म्हणाली,
पण तोवर सगळ्यांचे हात पुढे गेले होते.
आई विमलकाकूला हळूच म्हणाली,
तिचा हात घालू देऊ का मी डब्यात?
हळूच, म्हणजे
अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

सुमलीला लाडू वरून मिळाला.
केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर टप्.
तो आवाज तिने नीट ऐकला,
डोळे मिटून, डब्यांचा ऐकायची तसा.

दुसऱ्या दिवशी ती आली.
हेच मला अजून उलगडत नाही, की ती आली.
टिपऱ्या खेळली, सगळी गाणी म्हटली.
विमलकाकूकडचा डबा हलला,
नुसते फुटाणे, बहिऱ्यालाही कळले असते.
सगळ्या तिच्याकडे वळल्या.
सांग ना वं, तवा.
तिने ओ दिली नाही.
म्हणाली, मले नाही माहीत.

कोजागिरीनंतर गुलाबाई नाल्यात सोडली
तेव्हा गुलाबी रंग आधी सुटला
आणि आतली काळी माती दिसली.
हे मी वर्गात सांगत नाही,
पोरं लगेच त्याचंही प्रतीक करतील.

शेवटच्या बाकावर रविता बारेला,
आश्रमशाळेतून यंदाच आलेली.
चाचणीत तिने चार ओळी लिहिल्या होत्या,
गाईडात नसलेल्या,
आणि मग स्वतःच खोडून
वर गाईडातलं उत्तर लिहिलं होतं.
खोडलेलं मी उजेडाला धरून वाचलं.

रविता, उभी राहा.
सांग, डब्यात काय आहे?
वर्ग मागे वळतो.
ती आधी माझ्या हातांकडे बघते.
माझ्या नखांत खडू आहे.