सहा नमुने, गच्चीवर

नेजदार आर्किटेक्टनं सहा तुकडे दिले,
प्रत्येक वीतभर, पाठीवर मार्करनं नंबर.
म्हणाला, शोरूमच्या दिव्याखाली धातू खोटं बोलतो.
पंधरा दिवस उन्हात ठेवा, मग ठरवा
घराला बाहेरून काय नेसवायचं ते.

म्हणून कसबा बावड्यात, आमच्या अर्ध्या बांधकामावर,
पाण्याच्या टाकीला टेकून सहा जण बसले
सोयरिकीला आल्यासारखे.

एक नंबर ॲल्युमिनियम, शॅम्पेन सोनेरी.
रत्नप्रभाचा त्याच्यावर जीव.
कोपऱ्यावरच्या पतसंस्थेला हाच आहे,
दोन दवाखान्यांना आणि एका मंगल कार्यालयालाही.
हे मी बोललो,
आणि त्या रात्री ताटात तांबडा रस्सा आला, पांढरा आला नाही.

दोन नंबर जस्त.
राखाडी, अबोल. भाव ऐकल्यावर आम्हीही.

तीन नंबर तांबं.
त्याला सगळ्यांनी हात लावून बघितला.
इर्शाद फॅब्रिकेटर म्हणाला, लावतो की,
पण राखणीला माणूस ठेवा, रात्रीत सोलून नेतील.

चार आणि पाच जुळे, शिसपेन्सिलीच्या रंगाचे,
फरक फक्त जाडीत.
इर्शादनं टिचकी मारली, कान लावला :
"चार पोकळ बोलतोय, दादा. पाच बोलतच न्हाई."

सहावा गंजलेला.
मुद्दाम. विकतचा.
नेजदार म्हणाला, हा गंज एकदाच वर येतो
आणि थांबतो,
स्वतःच स्वतःची कातडी होतो.

हे आप्पांनी ऐकलं.
हिंदुराव, उद्यमनगरात चौतीस वर्षं मोल्डर,
गंज म्हणजे त्यांच्या लेखी माणसाचा आळस.
घरातली विळीसुद्धा खोबरेल लावून ठेवणार,
श्रावणात पान्यांना ग्रीस फासून
पेपरात गुंडाळणार, वर सुतळी.
"पैसं मोजून गंज आणायचा?
मग माझी लुना काय वाईट हाय?"

मी वही केली.
दुपारी दोनला प्रत्येकावर तळहात ठेवायचा
आणि आकडे मोजायचे.
सोनेरी सातपर्यंत, जस्त पाच,
काळपट जोडी तीनलाच चटका देते.
कारखान्याचा हंगाम संपत आलेला,
चिमणीची काजळी रोज सहाही जणांवर सारखीच पडायची.
सोनेरीवर ती दिसायची.
रत्नप्रभानं पदरानं पुसली दोनदा,
तिसऱ्यांदा नुसती बघत राहिली.

नवव्या दिवशी वळीव झोडपून गेला.
सकाळी सहाव्याखाली कोब्यावर
विड्याच्या पिंकेसारखा ओघळ.
आणि त्याच्या अर्ध्या अंगावर लख्ख पांढरं लोखंड :
आप्पा पहाटे पॉलिशपेपर घेऊन वर गेले होते.
"आत माल चांगला हाय," एवढंच म्हणाले.

मग रोज चष्मा लावून जिना चढायचे.
घासलेला भाग आधी पिवळा झाला,
मग संत्र्याच्या सालीसारखा,
मग पुन्हा शेजारच्या अर्ध्याच्या जवळ जवळ गेला.
मी विचारलं, थांबला का?
"थांबत न्हाई. पर दमानं येतोय."

शेवटी पाच नंबर.
कुणाचाच लाडका नव्हता, म्हणून भांडण झालं नाही.
फक्त वरच्या मजल्याला. खाली काळा दगड,
एकोणीसच्या पुराची रेघ जिथं होती
तिच्या हातभर वर संपणारा.
रेघ मिस्त्रीनं गिलाव्यात बुजवली,
पण टेप कुठून धरायची
ते कुणालाच सांगावं लागलं नाही.
ॲडव्हान्स दिला. इर्शादनं पावतीमागं
दोन पत्र्यांमधल्या फटीचं चित्र काढलं :
उन्हात फुगतो, दादा, त्याला जागा ठेवावी लागती.

नेजदार नमुने परत न्यायला आला.
पाच निघाले.
सहावा? गच्चीवर नाही, जिन्याखाली नाही.
आप्पा म्हणाले, गेला असंल भंगारात.

दिवाळीआधी त्यांची ट्रंक उघडली.
पान्यांच्या शेजारी, सुतळीनं बांधलेली
वीतभर पुडी, वर मार्चमधला पेपर,
आणि कागदातून बाहेर फुटलेलं
ग्रीसचं बोट.