दहा आकडे

दापोलीहून चिकट जाळीच्या तीन जाती आणल्या.
एक इतकी विरळ, की तळव्यावर धरली
तर खालच्या रेषा वाचता याव्यात.
दुसरी कागदाच्या पाठीची.
तिसरी जाड, मेणचट, पुठ्ठ्याची धाकटी बहीण.

दुकानदार म्हणाला, तिसरी न्या,
जन्मभर निघायची नाही.
म्हटलं, जन्मभर म्हणजे किती धुण्या?
तो मीटरपट्टी पुसत बसला.

हर्णैत हवेलाच मीठ.
सुया महिन्याभरात तांबूस,
सकाळचं कोरडं कापड दुपारी दमट,
आणि दमटावर गोंद धरत नाही,
भाजल्या पापडासारखे फोड येतात.
म्हणून आधी धुऊन घ्यायचं. खळ जाऊ दे.
आटायचं असेल तेवढं आत्ताच आटू दे.
मग इस्त्री. फिरवायची नाही,
ठेवायची.
दहा आकडे मोजायचे, उचलायची, पुढे ठेवायची.
मी मोजते खालच्या लिलावाच्या चालीवर,
एकदा चुकून पापलेटचा भाव म्हणाले.

तिसरी चिंधीवरच नापास झाली.
सुईला गोंद, धागा तीनदा तुटला,
आणि कापड असं ताठ,
की वाऱ्यात फडफडणार नाही, खडखडेल.
पहिली ठेवली रोशन खतीबच्या नातवाच्या दुपट्याला:
तिथे गालाखाली काही लागता कामा नये,
बदकसुद्धा.

आणि दुसरी
पावसे तांडेलाच्या बावट्यासाठी.
लाल कापड, पिवळा मासा.
तो म्हणतो, नुसता चिकटव ना, परवा होडी लोटायचीय.
नुसता नाही चालत, तांडेल.
चिकटणं म्हणजे फक्त
शिवण येईपर्यंत जागा न सोडणं.
पुढचं काम दोऱ्याचं.

रात्री दिवे गेले, इस्त्री अर्धवट तापलेली.
मेणबत्तीशी कागदावर मासा काढला,
कापला.
दिवे आल्यावर चिकटवला,
थंड होऊ दिला, मगच कागद सोलला
(गरम सोललं तर गोंद कागदाबरोबर जातो),
कडेने दाट झिगझॅग मारून
दिव्यासमोर धरला,

तर मासा काठीकडे पाठ करून.

पाठीवर काढलेलं उलटं उमटतं.
नव्या पोरींना पहिल्याच दिवशी
मीच सांगते हे.

उसवायला घेतला. निघेना.
निवड चांगली झाली होती.

सकाळी पावसे आला. मी आधीच सांगून टाकलं:
तोंड नाळेकडे हवं होतं, झालं वऱ्हाकडे.
पैसे अर्धेच द्या.
त्यानं बावटा दोन्ही हातांनी ताणला,
नखानं माशाची कड उचकून पाहिली,
शेपटी, पर, परत कड.
घट्ट आहे, म्हणाला.
असू दे. जाताना घराकडे बघत जाईल.

आणि येताना?

तो पैसे मोजत होता.
पूर्ण मोजले.
मी इस्त्रीचा तळ पुसायला घेतला,
कालचा गोंद अजून होता तिथे,
माशाच्या डोळ्याएवढा.