फमाऊचा आवाज गेला तेव्हा

लामूच्या धक्क्यावर पहिल्या दिवशी
नहोधा फमाऊनं माझ्या हातात दोरी दिली नाही,
शब्द दिला.
देमानी, म्हणाला. शिडाच्या मागच्या कोपऱ्याची दोरी.
ओढली की जहाज निघतं, सोडली की रुसतं.
"म्हण."
म्हटलं.
"पुन्हा. तोंडात खजूर ठेवून नको."

मग गोशी, पुढच्या कोपऱ्याची.
हेंझा, जिला सात माणसं लोंबकळली
की शीड वर चढतं.
फोरोमाली, दोन झाडं एकमेकांना बांधून केलेली
ती तिरपी काठी, डोलकाठीहून लांब
आणि माझ्या मामाहून हट्टी.

आमच्या जहाजावर कुणी उत्तर-दक्षिण म्हणत नसे.
वारा येतो ती गोशीची बाजू,
वारा जातो ती देमानीची.
चुलीवर मासळी शिजू लागली
की फमाऊ सुकाणू दुसऱ्याकडे देऊन
देमानीच्या बाजूला जाऊन बसायचा.
धूर खायचा, डोळे पुसायचा,
पण वास सगळ्यात आधी त्याला.

हे शीड वाऱ्यासमोर वळत नाही.
आधी वाऱ्याला पाठ द्यायची,
देमानी सोडायची,
मग अख्खं कापड डोलकाठीच्या पुढं उधळतं,
काठीचा बुंधा आत ओढून ती उभी करायची,
आणि एका पोरानं
तो फडफडता कोपरा छातीशी कवटाळून
नाळेच्या पुढून, पाण्यावर लोंबत,
पलीकडच्या बाजूला न्यायचा.
ते पोर मी.
फमाऊ ओरडायचा, मी पळायचो.
त्याच्या ओरडण्यात आणि माझ्या पळण्यात
विचार करायला जागा नव्हती.

चौथ्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली.
मोम्बासाच्या डॉक्टरनं ती काढली,
आवाज तिच्याबरोबरच गेला.
तरी तो आला. खारफुटीचे वासे भरले होते,
गळ्याला म्वानातूमूची जुनी ओढणी गुंडाळून
सुकाणूपाशी बसला, नेहमीसारखा.
आणि आम्ही सगळे
एकदम बहिरे झाल्यासारखे.

किन्यीकाच्या खडकाजवळ, संध्याकाळी, कुसी वारा चढलेला,
त्यानं तळहात वर केला.
मला वाटलं, थांब.
लेंगोनं देमानी सोडलीही होती.
मी ओरडलो, अजून नाही! खडक अजून लांब आहे!
तोवर कोपरा माझ्या हातून सुटला,
लाकडी कप्पीसकट परत आला
आणि माझे दोन दात घेऊन गेला.
तोंडभर रक्त. खडकावरचे पक्षी मोजता यावेत इतके जवळ.
तेव्हा फमाऊनं काठी उचलली
आणि फळीवर दोनदा आपटली.
ठक. ठक.
पाय पळाले. माझे नव्हतेच ते.
शीड पलीकडे भरलं,
आणि खडक गोशीच्या बाजूला मागं राहिला.

तो हसत होता. आवाज नाही,
नुसते खांदे.

वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाणं याला आम्ही बिशा म्हणतो.
मोठ्यांशी वाद घालणं, तेही बिशा.
दार ठोठावणं, तेही.
मी एकदा विचारलं होतं,
तीन कामांना एकच शब्द का?
भात चिवडत म्हणाला होता,
"तीन कुठं आहेत?"

आता जहाज माझ्याकडे आहे, तो घरी असतो.
दर शुक्रवारी नमाजानंतर जातो,
ताजी कोळंबी असली तर घेऊन.
कोरीव दरवाजा, मीठ खाऊन फिका पडलेला.
बाहेर उभं राहून हाक घालायची असते: होडी!
तीनदा घालायची,
आतून उत्तर आलं नाही तर निमूट परतायचं,
असा रिवाज.

होडी.
गल्लीतून एक गाढव जातं, नारळ लादलेलं.
होडी.
वरच्या खिडकीत कुणाची तरी ओली चादर फडफडते,
देमानी नसलेली.
तिसऱ्यांदा तोंड उघडतो,
दातांच्या फटीतून वारा आत येतो.

आतून ठक. ठक.

मी चपला काढतो.