फीडर नंबर तीन

समुद्र आमच्या पायरीपासून दोनशे पावलांवर,
आणि मी समुद्राचे मासे आणले कोल्हापुराहून.
फोंडा घाटात कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय?
मासे.
कोल्हापुराहून? देवगडला?
तो पुढच्या सीटवाल्यांना सांगत गेला,
कणकवलीपर्यंत अख्खी एसटी हसत होती.
मांडीवर दोन केशरी-पांढरे जोकर
आणि एक निळा, बोटाच्या पेराएवढा,
वळणावळणाला डुचमळत.

बाबल कोयंड्याने टाकी पाहिली, कमरेवर हात ठेवून.
"खावचे न्हय, इकूचे न्हय,
मगे पोसतंस कित्याक?"
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.
दुसऱ्या दिवशी तोच
जाळ्यात आलेला केंड डब्यातून घेऊन हजर,
"हेका कोण इचारीत नाय, तूच घे."

पहिलं पाणी मी जेटीजवळचं भरलं होतं.
वर डिझेलचा मोरपंखी तवंग;
मला वाटलं, बसेल खाली.
खाली बसले ते शंखातले दोन खेकडे, कायमचे.
तेव्हापासून कॅन स्कूटरला बांधून
मिठमुंबरीला जातो, भर भरतीला,
कमरेएवढ्या पाण्यात शिरून उपसतो
समुद्र, पाच-पाच लिटर.
चढावर स्कूटर कण्हते.

मग नांदगावची आत्या आली,
आणि नव्या टाकीत तिने सोडला
आजोबांच्या वेळचा ढबू पैसा.
तांबं शुद्ध असतं, खरं आहे.
इतकं शुद्ध, की लाल पट्ट्यांची कोळंबी
संध्याकाळपर्यंत उताणी.
आत्याला कोणी सांगितलं नाही.
दर फोनवर विचारते, माझा पैसा आहे ना?
आहे. देव्हाऱ्यात.

केंडाने थर्मामीटरचं टोक कुरतडलं,
निळ्याची शेपटी अर्धी केली,
तरी शर्मिष्ठा सुंगटं सोलताना
एक बाजूला काढून ठेवते त्याच्यासाठी.
माझ्यासाठी कधी ठेवलंस का, म्हटलं,
तर म्हणते, तो फुगला तर गोड दिसतो.

मी लाईनमन.
हे आधी सांगायला हवं होतं.
आश्विनातल्या त्या वादळी रात्री
फीडर तीनवर माड कोसळला.
खांबावर मी, खाली टॉर्च धरून मुणगेकर.
वरून गाव दिसत नव्हतं,
फक्त अंधारात आमचं घर असेल ती जागा.
पंप थांबला असेल.
तासाभराचा श्वास. दीड तासाचा, फार तर.
आधी दवाखाना, मग बर्फाचा कारखाना,
आमची आळी सगळ्यात शेवटी.
ती यादी माझ्याच हस्ताक्षरात आहे.

शर्मिष्ठेचा फोन एकदाच लागला.
काय करू?
मगाने पाणी उचल, उंचावरून ओत. उचल, ओत.
तांब्याने नको.
किती वेळ?
लाईन येईपर्यंत.
कधी येईल?
नवरा म्हणून काहीही सांगता आलं असतं.

चार वाजून दहा मिनिटांनी आमची आळी उजळली.
घरी पोचलो तर पंप घुरघुरत होता.
निळा वाटीत, वर झाकण,
जणू कोणी जेवायचं राहिलंय.
जोकर होते, दोन्ही, एका कोपऱ्यात.
केंड होता, टम्म, रागाने.
सावनी खुर्चीत झोपलेली, मग मुठीत.
आधी आई, मग ती, मग आई, मग ती.
तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत
मीठ वाळून पांढरं झालं होतं.
मी पुसायला गेलो नाही.

शर्मिष्ठा म्हणाली, पाणी गढूळ झालंय.
बघितलं. झालं होतं.
ओल्या गणवेशातच कॅन काढले.
भरती पावणेसहाला होती.