बाराला एक

चाळीस वर्षं उंबरे बसवले मी.
जांभ्याचे, काळ्या दगडाचे,
अलीकडे ग्रॅनाइटचे, ज्यावर पाय घसरतो.
उंबऱ्याशिवाय घर म्हणजे
काठाशिवाय ताट, असं आमचा वस्ताद म्हणायचा.

आणि ही सडोलीकर मॅडम, माझ्या पोरीच्या वयाची,
उचगावच्या माळावर नकाशा विटेखाली दाबून म्हणाली,
बारा घरं. एकालाही उंबरा नको.

बारा घरं, बारा फौजी.
कुणाचा पाय बर्फात राहिला, कुणाचा सुरुंगावर,
एकाचे डोळे आहेत तसेच आहेत,
फक्त त्यांत काही येत नाही.
फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात
सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: नाही.

दौलू खोराटे, हवालदार,
सहा वर्षं स्टँडवर झोपला,
गारगोटीची गाडी लागते त्या फलाटामागं.
पेन्शन होती. खोल्याही होत्या शहरात,
पण सगळ्या वरच्या मजल्यावर.
"साहेब, तुमचा मान मोठा, पण जिना..."
तहसील, पालिका, सैनिकांचं ऑफिस,
एका पायानं त्यानं जेवढे उंबरे झिजवले
तेवढे मी बसवलेही नसतील.

उताराचं काम माझ्याकडं. मी केला, नजरेनं,
आठाला एक. दिसायला देखणा.
मॅडमनं चाकाची खुर्ची आणली. म्हणाली, मामा, बसा.
बसलो. हातानं चाक रेटलं.
निम्म्यात पोचलो आणि खुर्ची मला घेऊन मागं निघाली,
थेट वाळूच्या ढिगापर्यंत.
पोरं हसली. दौलू हसला नाही.
"आमच्यात याला माघार म्हणत्यात, मिस्त्री," म्हणाला.
"फोडा, आन परत बांधा."
फोडला. बाराला एक केला:
एक इंच चढायचं तर बारा इंच लांबून यायचं.
एवढं साधं गणित
चाळीस वर्षं माझ्या ओळंब्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग भिंती. जांभ्याचे दोन थर, मधे चार बोटं हवा.
पश्चिमेची खिडकी लहान, वर झरोका.
गच्चीवर पांढऱ्या फरशीचे फुटके तुकडे,
सोलरचे पत्रे कागलच्या बाजूला तोंड करून.
बटणं कमरेला. कडी कोपरानं उघडेल अशी.
एप्रिलात, भर दुपारी, बिनपंख्याचा
मी आत आडवा झालो,
ते मुकादमानं शिव्या देऊन उठवलं तेव्हाच उठलो.

पहिलं वीजबिल आलं, एकशे अठरा रुपये.
दौलूनं ते भरलं, आणि घडी घालून
पेन्शनच्या पुस्तकात ठेवलं.
त्यावर त्याचं नाव होतं,
नावाखाली, घर क्रमांक सात.

वास्तुशांती उशिरा झाली, बहिणीला सवड मिळाली तेव्हा.
ती कापशीहून आली, हळदकुंकू घेऊन दारात बसली
आणि फरशीवरून नुसता हात फिरवत राहिली.
"अरं दौलू, उंबरा कुठाय? लावू कुठं?
घर सुरू कुठनं हुतंय तुझं?"
दौलूनं खुर्ची आत नेली, बाहेर आणली, परत आत.
चाक कुठंच अडलं नाही.
"मलाबी कळंना झालंय," म्हणाला. "लाव कुठंबी."
तिनं दोन बोटं ओढली, जिथं तिला वाटलं तिथं.
संध्याकाळपर्यंत घरभर,
मोरीपर्यंत, पलंगापर्यंत,
फिक्या पिवळ्या दोन रेघा.

त्या रात्री माझ्याच उंबऱ्याला
ठेच लागली मला, नेहमीसारखी.
आत अण्णा. अंगावरून वारं गेल्यापासून
तीन वर्षं त्यांनी गल्ली बघितलेली नाही.
मी टेप काढला. उंबरा चार इंच.
म्हणजे चार फूट उतार.
दारापुढची जागा साडेतीन.
अर्धा फूट गल्लीत जाईल.
जाऊ दे. सकाळी गल्लीला सांगू.