प्रतिसादक क्रमांक चौदा

गळ्यात फीत, फितीत माझा फोटो,
खाली काळ्या चौकोनांची जाळी.
जेवणाच्या रांगेतला मुलगा जाळी टिपतो,
यंत्र टिंग म्हणतं, मगच ताट.
आम्ही हसतो. पाळतीवरच्या परिषदेत
एवढं हसावंच लागतं.

सकाळी ताळगावच्या पठारावर
ऑर्लांदो सरांनी सुरुवातच पदेरापासून केली.
सायकलचा भोंगा, वेताची टोपली,
कुणाच्या घरी चारचे सहा पाव झाले
ते त्याला कळायचं
भटाच्या आधी, पाद्रीच्या आधी, ठाण्याच्या तर कितीतरी आधी.
"पण त्यानं वही ठेवली नाही कधी."
टाळ्या.

मग माझा निबंध:
भाडेकरूंची पडताळणी.
दोन फोटो, मूळ गाव, अंगठा, मालकाची सही.
पावसाआधीचे दोन महिने
एका चढावरच्या खोल्या पालथ्या घातल्या होत्या मी.
नावं गाळली. वस्तीला 'क' म्हटलं.
चेहरे धूसर केले, इतके
की माझे मलाच ओळखू येईनात.
नीतिसमितीचं पत्र पहिल्याच स्लाइडवर.

अकराला चहा.
कपबशा मांडणाऱ्या बाईनं न विचारता
माझ्या कपात दोन चमचे साखर घातली.
मग हळूच,
"पडद्यावरचं दार आमचंच न्हवं?"

दार निळं. खाली कोपऱ्यात
तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं ठिगळ,
त्यावरचा सूर्य उलटा.
चौकटीला खडूच्या तीन रेघा, पोराची उंची.
चेहरा पुसला होता मी.
दार पुसायचं असतं
हे सुचलंच नाही.

"मालकानं अर्ज भरला न्हाई, तुमालाच तेवढं सांगितलं होतं."
तिचे डोळे दुसऱ्या रांगेकडे.
तिथं दुपारच्या चर्चासत्राचे पाहुणे,
निवृत्त उपअधीक्षक,
बिस्किट बुडवत होते चहात.

धावत जाऊन स्लाइड काढली.
तोवर बाराजणांनी फोटो घेतले होते,
एकीनं तर कौतुकानं पाठवलाही मला:
फार बोलकं चित्र आहे हो.

तिचं नाव इथंही लिहीत नाही.
आणि दार निळं नव्हतं,
सूर्यही नव्हता पत्र्यावर, दुसरंच काहीतरी होतं.
एवढं तरी शिकले.

निघताना ती मागच्या पायरीवर
किटल्या उपड्या घालत होती.
येत्या रविवारी दार रंगवते, म्हणाली.
कुठला रंग,
विचारलं नाही मी.